आस

हर्णैच्या लिलावाआधी बर्फात कोळंबी निवडताना
बोटं आधी पांढरी, मग जांभळी.
बायका म्हणायच्या, चांगुणे, बोटांचा बांगडा झाला गं.
मी हसायचे. तेव्हा तोंड अजून पुरतं उघडायचं.

रक्त दापोलीहून पुण्याला गेलं,
कागद होऊन परत आलं:
एका लांब नावापुढे पॉझिटिव्ह.
ते नाव मला म्हणता येईना,
त्याला मात्र मी ठाऊक होते.

डॉक्टरीणबाईंनी नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला, भिंग धरलं.
पडद्यावर माझ्याच केसाएवढ्या शिरा,
काही फुगलेल्या,
काही ठिकाणी नुसतं कोरं.

नवरा वाकून बघत राहिला.
"किती आस तुटलेत गं," म्हणाला,
जाळ्याबद्दल म्हणतात तसं,
आणि सवयीने खिशात सुई चाचपू लागला.