लावे पाळावेत का, विचारतोस

हर्षद, पिंजरा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस.
मीही तसाच घेतला होता.
कोया कायमचा गावी निघाला;
विमानात फ्रीज नेता येत नाही, लावेही नाहीत.
बारा रियालात पिंजरा, अकरा पक्षी,
अर्धं पोतं खाद्य वर फुकट.
आता सोहारच्या या गच्चीवर,
पाण्याची टाकी आणि डिश अँटेना यांच्या मधे
त्यांचं बिऱ्हाड आहे. चौथं वर्ष.

चांगलं आधी सांगतो.
सातव्या आठवड्यात अंडं देते.
माणसाचं बाळ तोवर नुकतं हसायला लागतं.
अंडं एवढंसं, शिंतोडे उडालेलं,
कुणी वर्गात शाईचं पेन झटकल्यासारखं.
चार-पाच फोडलीस तर कोंबडीचं एक.
माद्या फारशा बोलत नाहीत;
घरमालकाला दोन महिने पत्ताच नव्हता.
कळलं तेव्हा मी डझनभर अंडी घेऊन खाली गेलो.
खल्फान खूश होऊन ओरडला, "सुम्मान!"
कुंदाला ऐकू आलं सामान.
ती म्हणाली, हलवतो म्हणावं, उद्याच हलवतो.
खल्फानला हिंदी येतं. जिन्यात भेटला की
अजून तिला विचारतो, सामान कैसा है.

आता वाईट.
नर आरवतो. आरवतो कसला,
पहाटे तीनला गंजलेली कडी कुणीतरी ओढतं,
आणि नेमकी तुझी पहिली पाळी असते.
वासाचं काय सांगू, ऑगस्टात ये.
ऑगस्टात गच्चीचा तवा होतो.
मी बाटल्यांत पाणी गोठवून आत ठेवतो,
ते बाटल्यांना चिकटून बसतात, डोळे मिटून.
एका शुक्रवारी जेवण जड झालं, मला झोप लागली.
उठलो तर तीन गेले होते, चोची उघड्या.
त्यातल्या एकीला ऋजुताने नाव दिलं होतं, खसखस.
तेव्हा त्यांना नावं ठेवू नकोस,
दोन्ही अर्थांनी.

आणि दचकले की उडतात सरळ वर.
पुढे नाही, बाजूला नाही, वर.
खाली भांडं पडलं तरी पुरे,
अकराच्या अकरा डोकी छताला.
मी आतून कुंदाची जुनी साडी ताणून बांधली, आंबा रंगाची.
आता आपटतात, पण आवाज येत नाही.

खुडूक होत नाहीत.
हे कोयाने सांगितलं नव्हतं.
आमच्याकडे कोंबडी रवणाला बसली
की हात घालून बघ, मनगट फोडते.
ही अंडं टाकते आणि चालू लागते,
फाटक्या खिशातून नाणं पडावं तशी.
म्हणून मशीन घेतलं. सतरा दिवस.
कुंदा दिवसातून तीनदा अंडी फिरवते,
फिरवता फिरवता फोनवर सुमेधला विचारते,
जेवलास का, आत्याने काय केलं होतं आज.
एकदा मी बोलायला गेलो,
बघ ना, ही अंडी आणि आपला...
ती म्हणाली, उपमा देऊ नकोस.
ऋजुता ताटली घेऊन उभी होती.
म्हणाली, मग काय आहे खायला?

ऑक्टोबरात रानातले लावे समुद्रावरून येतात, रात्रीचे.
खल्फानने दाखवले मला, किनाऱ्यावर,
दमून वाळूत बसलेले, हाताने उचलावेत असे.
घरी येऊन मी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं.
सकाळी एक बाहेर होता.
टाकीच्या सावलीत, पंख पसरून,
मातीच्या कुंडीत आंघोळ करत.
कुंडीत कुंदाचा कढीलिंब होता.
होता.

तर पाळ. नाही तर नको पाळूस.
पाळलेसच तर एक लक्षात ठेव:
छत एक तर वीतभर ठेव, नाही तर पुरुषभर.
मधल्या उंचीवर मान मोडते.

जाताना अंडी ने. जिन्याजवळ आहेत,
तेलाच्या रिकाम्या खोक्यात,
वर वर्तमानपत्र टाकलंय.
हळू उचल, खोक्याचा तळ ओला आहे.