पान चौदा, दुरुस्ती

विस्कॉन्सिनमध्ये ऑक्टोबरात दुपारीच दिवे लावावे लागतात.
अग्निशमन केंद्रामागच्या हॉलमध्ये आम्ही सव्वीस जण.
पूर्वी शंभरावर होतो,
कॉफीचं भांडं अजून तेवढंच मोठं.

टेबलांवर टिब्बी:
हॅट घातलेली, बो लावलेली, हसरी खारवलेली काकडी.
टिब्बी मीठदाणी, टिब्बी पेन्सिली,
टिब्बीचं घड्याळ, काट्यांच्या जागी चिमटे.
ते बंद आहे. दुरुस्त केलं तर किंमत उतरते,
असं डेल्मर म्हणतो.

कारखाना त्र्याऐंशीत बुडाला.
आता तिथे भाड्याची गोदामं झालीत,
आणि महिना साठ डॉलर मोजून
आम्ही आमच्या टिब्ब्या तिथेच ठेवतो,
जिथे पिंपांतून काकड्या मुरायच्या.
आम्हीही मुरलोच म्हणायचं.

मी चिटणीस. सूची माझी, हस्ताक्षर माझं.
पान चौदावर लिहिलंय:
एकोणसाठपर्यंत उजवा हात डोक्याच्या वर.
पुढे कोपरातून दुमडलेला, छातीपाशी. नम्र अभिवादन.
या हातावरून आमच्यात अकरा वर्षं वाद.
एक गट म्हणतो, लेबल अरुंद केलं म्हणून.
मी नम्रतेच्या बाजूचा.
एकजण तर यापायी दुसऱ्याच्या मयताला गेला नाही.

यंदा डेल्मरनं पोशाख आणला,
जत्रेत घालून फिरायचा, अस्सल, बेचाळीसशे डॉलरचा.
पांढरे मोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

मागच्या खुर्चीत एक बाई होत्या, वॉन्डा क्रूगर,
सुनेनं गाडीतून सोडलेल्या,
विकायला काही नाही, घ्यायलाही नाही.
त्या उठल्या. मोजे न घालताच
पोशाखाची काख चाचपली.
"उसवली नाहीच शेवटपर्यंत," म्हणाल्या.
"किती सांगितलं, आवळतंय.
आधीच्या मुलीच्या मापाचा शिवलेला.
मी सतरा वर्षांची, शाळेत गोळाफेक करायचे.
हात वर जायचाच नाही. एवढाच जायचा."
आणि दाखवला:
कोपरातून दुमडलेला, छातीपाशी.
"पेपरात फोटो आला. कंपनीला आवडला.
मला दिवसाचे चार डॉलर."

बासष्ट बशा, एकशे चार बिल्ले,
एक नाइटलॅम्प, तीन पडदे,
सगळीकडे तोच खांदा.
कुणी काही बोललं नाही.
कॉफीचं भांडं मात्र गुरगुरत राहिलं.

डेल्मरनं विचारलं, याला पुरावा काय?

वॉन्डाबाईंनी टिब्बीचं डोकं उचललं,
आत नाक घातलं, बराच वेळ.
"शेपू," म्हणाल्या.
"आणि मी."

घरी येऊन मी पान चौदा काढलं.
'नम्र' खोडलं.
'अभिवादन' राहू दिलं, हात तर हलवलाच होता पोरीनं.
समासात लिहिलं, जरा दाटीवाटीनं, जागा नव्हती:
काखेत आवळत होतं.