रकाना क्रमांक नऊ

इदालिना फोन्सेका, वय एकोणऐंशी,
माझ्या काउंटरसमोर बसल्यात
पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट,
चोरी अजून व्हायची असल्यासारखी.

आज सेतुबालला वारा आहे.
दार उघडलं की बंदराचा वास
टोकन न घेता आत येतो.

फॉर्मला चौदा रकाने.
नाव. पत्ता. कार्डाचे शेवटचे चार आकडे.
रक्कम: दोन हजार तीनशे चाळीस युरो.
ती कुठे कुठे हिंडली, ते माझ्या पडद्यावर दिसतं:
लीलच्या दुकानातून एक मोबाईल,
कसल्याशा खेळातली खोटी नाणी, खऱ्या पैशांनी,
आणि ओस्लोचं विमान, तिकीट एक, परतीचं नाही.
"मी काही कधी विमानात बसले नाही," त्या म्हणाल्या,
"कार्ड बसलं."
स्वतःच हसल्या,
मग ते हसू कुठे ठेवावं ते न सुचून
पर्सची चेन उघडली, लावली.

एकतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात.
बंद डबा नुसता हातात धरून सांगायच्या
आत मासे चार की पाच.
मुकादम पैज लावायचा,
हरायचा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा लावायचा.
आवाजाला वजन नसतं, त्याला काय करणार?

आवाज कसा होता?
हा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. मीच विचारला.

"चांगला होता.
माझं अख्खं नाव घेतलं त्यानं,
बापाकडचं, नवऱ्याकडचं, मधलं सगळं,
लग्नात पाद्रीनं घेतलं होतं तसं.
त्यानंतर कोणी घेतलंय?
म्हणाला, घाबरू नका,
कोणीतरी तुमचे पैसे चोरतंय.
आता ते काही खोटं नव्हतं.
खोकत होता सारखा.
मी म्हटलं, मध घे रे, लिंबू पिळून,
आणि रात्री पाय उघडे टाकून झोपू नकोस.
तो काहीच बोलेना.
मला वाटलं, फोन कटला.
मग म्हणाला, आकडे सांगा, सहा आहेत.
मी सांगितले,
एकेक, सावकाश,
त्याला नीट लिहून घेता यावेत म्हणून."

रकाना क्रमांक नऊ.
ग्राहकाने सांकेतिक क्रमांक
स्वतःहून अन्य व्यक्तीस दिला काय?
होय. नाही.

होयवर खूण पडली
की बँक पैसे भरून देत नाही.
हे त्यांना माहीत नाही. मला आहे.
ड्रॉवरच्या आतल्या बाजूला
मी एक कागद चिकटवलाय, वरून आलेला:
अशा ग्राहकांशी हळुवार बोला.
नियम तोच, फक्त हळुवार.

मी 'स्वतःहून'वर अडलो.
दारावर थाप पडते, आपण कडी काढतो,
ते स्वतःहून म्हणायचं?
पेन हवेत, आणि त्या माझ्याकडे बघतायत,
डबा तोलताना बघत असतील तशा.

"लिही की," त्या म्हणाल्या.
माझ्या आईच्या वयाच्या, एकदम अरेतुरेवर आल्या.
"दिले तर दिले. माझ्याच तोंडानं दिले.
फक्त मुलाला कळवू नका. लक्झेंबर्गला असतो.
ओरडणार नाही तो. म्हणेल, आई,
आता तुझं सगळं मीच बघतो."
पुढचं वाक्य त्यांनी
रुमालासारखं घडी घालून आत ठेवलं.

मी खूण केली.
पहिल्यांदा शाई उमटलीच नाही,
पुन्हा गिरवावी लागली.

सही त्यांची मोठी, गोल,
रेघेच्या बाहेर दोन बोटं.

नवं कार्ड आठ दिवसांत येईल, म्हटलं,
नंबर वेगळा असेल.
"आणि फोनचा?"
तोही बदललेला बरा.
उठता उठता त्या थांबल्या,
कोटाचं एक बटण लावलं,
दुसरं राहिलं.
"नको. तो नंबर त्याला पाठ आहे."

कोणाला, हे मी विचारलं नाही.
टोकन अठ्ठेचाळीस
केव्हाचं येऊन उभं होतं,
चेकबुक हवं म्हणत.