पातळ हवा

भुसावळात, जामनेर रोडवर, टायरच्या दुकानाच्या माथ्यावर
आमची खोली. नाव इतकं लांब
की पेंटरला 'संघटना' दुसऱ्या ओळीत घ्यावी लागली
आणि हेलिकॉप्टरवरचा चंद्र तो विसरलाच.
तेव्हापासून गल्लीत आम्ही हेलिकाप्टरवाले.

सभासद सात. पाच तरी येतात
दर दुसऱ्या रविवारी,
दारातून आत शिरताना मान खाली घालून.
पंखा नऊ फुटांवर आहे. तरीही.

मे महिना. सावलीत सेहेचाळीस.
झोपे म्हणतो, आज हवा पातळ आहे.
दुसरा कुणी म्हणाला असता, हवाच नाही.
पण आम्हाला माहीत आहे, तापलेली हवा
पात्याच्या हाती लागत नाही,
वर बर्फातही लागायची नाही, एकोणीस हजार फुटांवर,
रॉकेलचा एक डबा कमी केला
तरच मशीन जमीन सोडायचं.
एका जखमी जवानासाठी देवऱ्यांनी
शेजारची सीट उपटून खाली टाकली होती.
सीटवर आधी कोण बसलेलं होतं,
ते दर वेळी बदलतं.

इतिवृत्त माझ्याकडे. विषय क्रमांक तीन:
गफूर पिंजारी, राहणार धरणगाव,
निवृत्त सार्जंट, इंजिन फिटर,
यांचा सभासदत्वासाठी अर्ज.

अध्यक्ष नेहेते नियम चार वाचतात: फक्त वैमानिक.
बेंडाळे म्हणतात, नियम आपणच केला ना.
नेहेते म्हणतात, म्हणूनच.
यांचा डावा कान गेलाय, त्यांचा उजवा,
चर्चा खाली टायरवाल्यापर्यंत पोचते.
पिंजारी दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर
अर्धाच बसलेला,
जणू उरलेली अर्धी जागा अजून मंजूर व्हायचीय.

आणि वीज जाते.

पंखा लगेच थांबत नाही.
आम्ही पाचही बोलणं टाकून वर बघतो.
इंजिन मेलं तर आधी काय करायचं?
डावा हात खाली. पडू द्यायचं.
पडता पडताच खालून वारा येतो,
तोच पात्यांना फिरवत ठेवतो,
आणि जमिनीवरची गवताची काडी वेगळी दिसू लागली
की जमवलेलं सगळं फिरणं
एका दमात खर्चून टाकायचं.
नेहेत्यांचा डावा हात खुर्चीच्या कडेनं
खाली गेलेला मी पाहिला.
मी पाहिलं, हे त्यांनी पाहिलं.

तीन पाती. करकर. करकर. कर.

"बेरिंग सुकेल शे," दाराकडून आवाज.

त्याचा आजा कापूस पिंजायचा,
धनुकलीच्या तातेवरून ओळखायचा
कापसात सरकी किती राहिली ते.
नातू इंजिनाला कान लावायचा.
पहाटे चारला, उणे तिसाला,
हातमोजे काढून,
कारण हातमोज्यातून नट कळत नाही.
उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं
तिथंच कुठंतरी राहिली.
अर्जात हे लिहिलेलं नाही.
अर्जात त्यानं जन्मतारीख लिहिलीय
आणि खाली, 'कळावे'.

खालून ग्रीस आलं, स्टूल आलं.
बेंडाळ्यांनी स्टूल धरलं, झोप्यानं मोबाइलचा उजेड.
नेहेते बसूनच, नियमांची वही मांडीवर,
पण एकदा म्हणाले, "जरा जपून रे."
चाळीस मिनिटं. कुणी काही बोललं नाही.
उतरून त्यानं हात पुसले आणि तो मागे सरला,
भिंतीपर्यंत, पात्यांच्या घेरापासून लांब.
आम्हीही सरलो.

वीज आली तेव्हा साडेसात झाले होते.
आवाजच नाही.
टायरवाला वर येऊन विचारून गेला,
मीटिंग संपली का.

विषय तीनवर काय झालं ते लिहायचं होतं.
मत कुणी मागितलं नाही, कुणी दिलंही नाही.
मी हजेरीचं पान उघडलं
आणि वही पिंजारीपुढं सरकवली.
तो नेहेत्यांकडे बघत राहिला.
म्हटलं, मशीन ठीक आहे म्हणून
आधी तू सही करायचास,
मग तुझ्या सहीखाली आम्ही.
अठरा वर्षं. एकदाही उलटं झालं नाही.

तो चष्मा शोधायला लागला.
या खिशात. त्या खिशात.
नेहेत्यांनी स्वतःचा काढून दिला.