वजनात कमी

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे तराजू तपासले.
भायखळ्याच्या कांदेवाल्यांचे, झवेरी बाजारातले काचेच्या पेटीतले,
काटा कुठं चिकटतो, पारड्याखाली चिंच कोण लावतं,
सगळं पाठ.
म्हणून तलवार घ्यायची ठरली तेव्हा थाम सर म्हणाले,
"तुला मी काय शिकवू? तोल तूच बघ."
आणि मग पाऊण तास शिकवलं.

थाम सर माझगावचे. वडील दातांचे डॉक्टर,
आजोबा बोटीवरचे सुतार.
मराठी अशी की कोळीण भाव सांगताना दोनदा विचार करते.
टेकडीवरच्या बागेत सकाळी सहाला
आम्ही सातजण लाकडी जिआन घेऊन उभे असतो.
माझी दिवाळीत तडकली.

"पातं सरळ. उलटी धरलीस की टोक कानाच्या पाळीशी.
जाडी मुठीकडून टोकाकडे उतरत गेली पाहिजे,
नाहीतर ती तलवार नाही, फूटपट्टी.
शेपूट मुठीतून आरपार, मागे ठोकून बसवलेलं.
वेल्डिंग दिसलं की चपला घाल आणि निघ.
तोल परजेपासून सहा बोटांवर. सहा. माझी नाही, तुझी बोटं."

नऊ हजार होते. वर एक रुपया नाही,
घरी फ्रिज रात्रभर कण्हतो.

चोरबाजारात ड्रॅगन होते, दोन्ही बाजूंनी,
डोळ्यांत लाल खडे. हलवून पाहिली,
मूठ आत खुळखुळली, पडायला आलेल्या दातासारखी.
दुसरी इतकी पातळ की नुसती उचलली तरी
पत्र्यासारखी थडथडली. "स्पर्धेत हिलाच टाळ्या पडतात, ताई."
तिसऱ्यानं वाकडी काढली, मखमली म्यानातली.
"नवरदेवाला हीच देतो आम्ही."
म्हटलं, नवरदेव नाही. मीच आहे.

शेवटी दारूखाना.
रामअवध विश्वकर्मानं सरांचं चित्र उलटंसुलटं पाहिलं.
"चीन पाहिलेलं नाही. ट्रकचा कमानपाटा पाहिलाय."
तीन आठवडे. मधे एकदा पातं वाकलं, त्यानं फोन करून
स्वतःच स्वतःला शिव्या दिल्या.
मधोमध एक कणा, दोन्ही बाजूंना उतार,
परजेला पितळ, कुठल्याशा फोडलेल्या बोटीच्या
गोल खिडकीचं.
"धार?"
"नको."
त्यानं असं पाहिलं, जणू मी बिनमिठाची डाळ मागितली.
"साडेआठ हजार. वजन नऊशे ग्रॅम,
एक ग्रॅम इकडेतिकडे नाही."

हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर
प्रमाणित काट्यावर ठेवली.
आठशे त्रेचाळीस.
सत्तावन्न ग्रॅम मारले मेल्यानं!
खणात नोटिशीचं बुक होतं. हात गेलासुद्धा.
मग पातं बोटावर आडवं धरलं,
परजेपासून सहा बोटांवर,
आणि ते थांबलं.
पंख्याच्या वाऱ्यात किंचित डुललं, पुन्हा थांबलं.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
कमी वजनानं मला बरं वाटलं.
सत्तावन्न ग्रॅम जास्त असते तर माझ्या मनगटाचे होते ते.

बसमध्ये जुन्या चादरीत गुंडाळून उभी धरली.
कंडक्टर म्हणाला, "पडद्याचा रॉड?"
"हो," म्हटलं.
सरकारी नोकरीत इतकं सरळ खोटं पूर्वी बोलले नव्हते.

सकाळी सरांनी पात्याकडे पाहिलंच नाही.
परजेच्या पितळेवरून अंगठा फिरवत राहिले,
खालून गोदीचा भोंगा झाला तरी.
"बोटीचं?"
"बोटीचं."
"महाग पडली?"
"वजनात मारलं त्यानं."
सर एवढे हसले की कवळी सावरावी लागली,
दातांच्या डॉक्टरचा मुलगा,
आणि मग, अंगठा तिथंच ठेवून, विचारलं,
"किती?"