नो-गो गेज

दिवसभर माझ्या हातात एक पोलादी दांडी असते,
बोटाएवढी.
तिचं एक टोक भोकात जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये.
दुसरं गेलं, की नगाला लाल पट्टी.

अंबडच्या शेडमध्ये आज अकराशे चाळीस नग,
त्यात सदतीस लाल.
सदतीस वेळा पगारेसाहेब येऊन म्हणाले,
ढिकलेबाई, परत एकदा बघा ना.
सदतीस वेळा बघितलं.
भोक जेवढं होतं तेवढंच होतं.

साडेपाचला भोंगा होतो, पण दांडी सुटत नाही.
बसमध्ये कंडक्टर तिकीट तिरकं फाडतो: लाल.
पुढच्या सीटवरच्या मुलीचा भांग वाकडा.
घरी ईशानच्या वहीतल्या ष चं पोट
नीट फुटलेलं नाही.
परवा तर ताटातली भाकरी उचलून
मी ट्यूबच्या उजेडात धरली,
कड सगळीकडून सारखी आहे का म्हणून.
भाकरी ह्यांनी केली होती.
त्यानंतर कोणी कालवण वाढ म्हणालं नाही.

उपाय सगळ्यांकडे होते.
कुंदा म्हणाली, मिठाच्या गरम पाण्यात पाय सोड.
सोडले, आणि पाणी किती निवलं
हे दर दोन मिनिटांनी बोटानं बघत बसले.
भाच्यानं मोबाइलवर एक शांत आवाजाचा माणूस दिला,
चार आकडे श्वास आत, सहा बाहेर.
माझा पाचावरच संपायचा.
रोज एक नग नापास, तोही मीच.
हास्यक्लबात दोन सकाळी गेले.
कोण खोटं हसतंय
ते लगेच कळायला लागलं.

आज बुधवार.
बस आमच्या स्टॉपवर थांबली आणि मी उतरले नाही.
का, ते माहीत नाही.
रविवार कारंजावरून उतारानं खाली गेले,
गंगेवर, बाजारात.
थंडी पडलेली. बल्ब लागलेले.
गिरणाऱ्याची एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून
वाटाण्याच्या ढिगामागे बसली होती.
मी उकिडवी बसून एकेक शेंग उचलायला लागले:
ही भरलेली, ही पोचट, हिला डाग.
तिनं बराच वेळ बघितलं.
मग म्हणाली,
ताई, घरी नेऊन फोडायच्याच हायेत ना?
मग तोंड काय बघता त्यांचं?
घाला दोन्ही हात. डोळे मिटून घाला.

घातले.
मनगटापर्यंत गार.
शेंगा एकमेकींवर घासून कुरकुरल्या,
आणि बोटांना काहीच विचारायचं नव्हतं.
किती वेळ तशी होते कोण जाणे,
मागचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा हात काढले.
तिनं किलो तोलला, काटा झुकला,
झुकलेल्या काट्यात वर आणखी एक मूठ टाकली.
मी आयुष्यात इतकं चुकीचं माप
इतक्या आनंदानं घेतलं नव्हतं.

मग घाटाच्या पायरीवर बसून
सोलत गेले आणि खात गेले.
टरफलं एका गाईनं हातातूनच ओढून नेली.
एका शेंगेत दाण्यांच्या जागी अळी निघाली,
हिरवी, गुबगुबीत,
अर्धं घर खाऊन झोपलेली.
ती शेंग मिटून बाजूला ठेवली.
पट्टी बिट्टी काही नाही.

घरी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते.
हे दारातच उभे.
फोन तरी करायचास. किती आणलेस?
म्हटलं, अर्धे.
बाकीचे?
खाल्ले.
ईशान हसला, खरं हसला,
आणि पिशवीत त्यानं हात घातला.

उद्या साडेआठला दांडी पुन्हा हातात येईल.
तिच्यावर राग नाही माझा.
ती तरी काय करणार,
तिला बिचारीला दोनच टोकं.
माझ्या नखांत अजून हिरवं आहे,
आणि ते मी आज घासून काढणार नाही.