घर हलवताना

आमच्या चिलोए बेटावर घरं चालायची.
माझ्या बापाने नऊ चालवली.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सोळा जोड्या,
आणि जमीन संपली की भरतीची वाट बघत
घराच्या पोटाला पिंपं बांधून
होडीमागे ओढत न्यायचं पलीकडच्या गावात,
खुंटीवरची टोपीसुद्धा न पडता.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे.
एवारिस्तो कार्कामोच्या हाताखाली
एकही वासा कधी फिरला नाही.
पोरगा फिरला.

आता मी त्याला पलंगावरून खुर्चीत आणतो,
लाकडाच्या चुलीजवळ.
चार पावलं. एकोणीस मिनिटं.

तो डोळे मिटूनच हुकूम सोडतो:
आधी काचा काढ.
मी त्याचा चष्मा काढून कपाटावर ठेवतो.
आतलं जड काय असेल ते बाहेर.
मी लघवीची पिशवी रिकामी करून येतो.
आता दोर.
मी त्याच्या काखांतून हात घालतो, पाठीमागे बोटं अडकवतो,
त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर,
तोंडाला मॉर्फिनचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास.
बेचाळीस किलो.
याच माणसाने एकदा रुतलेला बैल शिंगं धरून काढला होता,
असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही.
मी बरंच काही पाहिलेलं नाही.

डावीकडे कोण आहे? तो विचारतो.
मी आहे.
तू नव्हतास.

नव्हतो.
त्याच्या शेवटच्या घराला अख्खं गाव दोराला होतं
आणि मी प्वेर्तो मोंतच्या कारखान्यात
सालमनची पोटं फाडत होतो.
पाळी बदलून मिळाली असती.
मी मागितली नाही.
यावर तो अकरा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता,
आणि आता बोलला तो असा,
माझ्या गळ्यात पडलेला असताना,
जेव्हा मला हात सोडता येत नाहीत.

घर ओढायला येतात ते मजुरी घेत नाहीत.
जेवण घेतात. शेजारची ओर्तेन्सिया
रोज शिंपल्यांचं कालवण आणून ठेवते, तो दोन चमचे घेतो
आणि हिशेब विचारतो: सगळ्यांना पुरलं का?
पुरलं, मी म्हणतो. सोळाही जोड्यांना.
बैल कालवण खात नाहीत, गाढवा.
त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. त्याला उबळ आली.

एका रात्री: पोचलो का?
मी खिडकीबाहेर बघितलं. तीच खाडी, तेच कुंपण,
ओहोटीत एका कुशीवर पडलेली आमची होडी.
नाही अजून. भरती यायचीय.
मग बसलास काय?

मी उठलो. मध्यरात्री, कुठे न्यायचं ते ठाऊक नसताना,
त्याच्या काखांतून हात घातले,
चार पावलं नेलं, चार पावलं परत आणलं.

घाईत काचा काढायच्या राहिल्या.
सकाळी ओर्तेन्सियाने काढल्या,
पदराला पुसल्या,
आणि कुणाला द्यायच्या ते न कळून
हातातच धरून उभी राहिली.